तीन झोळ्यांचा पाइप

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. विश्वास ठेवायलाही थोडी फुरसत लागते, आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईला ती नसते. या सदरात लोक अमावास्या, पिंपळ, पैंजणांचे आवाज वगैरे लिहितात... माझ्याकडे त्यातलं काही नाही. भर दुपार होती, हडपसरच्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा आमचा वन बीएचके, आणि ओट्यावर खरकटी भांडी.

आयटीवाले हडपसरकडे यायला लागले होते, त्या वर्षांतली गोष्ट. आमच्या ह्यांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. म्हणजे इच्छा कंपनीची होती, सही ह्यांची. सत्तावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस घरातल्या नळांचे वॉशर बदलून किती दिवस काढणार? म्हणून मी पाळणाघर काढलं. नागपूर, अमरावती, अकोल्याकडची जोडपी, दोघंही नोकरीला, आई-सासू रात्रभराच्या प्रवासावर. पोरं आपोआप आली.

अडचण झोळ्यांची. घरी एका बाळासाठी घेतलेली झोळी पुढे दोन-तीन भावंडांना पुरते. पाळणाघरात तीच चार महिन्यांत राम म्हणते. स्प्रिंग सैल पडते, कापड कडेने विरतं, हुकाला खाच पडते. हे वैतागले आणि स्वतःचं डोकं चालवलं. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा जाड पाइप, दोन्ही टोकांना ब्रॅकेट, पाइपाला तीन झोळ्या आणि तिन्हींना मिळून एकच दोरी. दोरीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. मी दिवाणावर पडून पाय हलवला की तिन्ही पोरं झुलणार!

"टिकेल ना हो?" मी विचारलं.

"आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल."

कारखान्याच्या शिस्तीने चाचणीही झाली. तिन्ही झोळ्यांत गव्हाची पोती, सलग दोन दिवस. पाइप तसूभर खाली आला नाही. हे शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते. आता कळतं, चूक तिथेच झाली. गहू निपचित पडून राहतात, पोरं झुलतात. तिघं एकदमच एका बाजूला झुलली की ब्रॅकेटला दर खेपेला हिसका बसून तो भिंतीत सैल होत जाणार, हे त्या मेंटेनन्सवाल्या डोक्यात आलं नाही. मला सुचण्याचा प्रश्नच नव्हता. मी पहाटे पाचपासून उभी असायचे.

आणखी एक सांगायला हवं. माझी कंबर तेव्हापासूनच गेलेली, हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे दुपारी पोरं झोळीत घातली की दोरी हेच बांधायचे. पक्की गाठ, आणि तिचं एक टोक माझ्या हाताशी येईल इतकं लांब. ते ओढलं की गाठ सुटायची. म्हणजे मला सोडता यायची, बांधता यायची नाही. याची हे चेष्टाही करायचे — "बांधून ठेवल्याशिवाय तू एका जागी बसतेस कुठे?"

त्या दिवशी मला ताप होता. सुट्टी घ्यावी तर तिघी आयांची ऑफिसं. दीडच्या सुमाराला ह्यांनी गाठ मारली, दाराचं लॅच ओढून घेतलं आणि नव्या स्प्रिंगा आणायला शनिवार पेठेत गेले. घरात मी आणि तीन बाळं. पल्लवीचा नऊ महिन्यांचा ओजस आणि दोन मुली, दोघी त्याच्याहून लहान. पाय हलवता हलवता माझा डोळा लागला. डोळा लागला कसला... मेल्यासारखी झोपले.

अंगठ्याला जबरदस्त हिसका बसला आणि धाडकन आवाज झाला, तेव्हा जागी झाले. घड्याळात चार. खिडकीकडचा ब्रॅकेट भिंतीतून प्लॅस्टरसकट उखडला होता. पाइपाचं ते टोक जमिनीवर आणि तिन्ही झोळ्या घसरून त्याच्याखाली चपट्या झालेल्या.

मी गाठीचं टोक ओढलं, दिवाणावरून घसरत खाली आले आणि रांगत गेले. पहिली झोळी रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीत नुसतं ओजसचं दुपटं.

मग आतल्या खोलीतून अंगठा चोखल्याचा आवाज आला.

तिघं तिथे जमिनीवर होती. गोधडी अंथरलेली, तिच्यावर ओळीने निजवलेली, कडेला उशा लावलेल्या. मुली गाढ झोपलेल्या, ओजस जागा, छताकडे बघत अंगठा चोखत होता. मी तिथेच बसले आणि तिघांचे हात-पाय चाचपत राहिले. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तुम्ही म्हणाल, तापाच्या ग्लानीत तुम्हीच उचलून ठेवली असतील. मलाही तेच म्हणायचंय, अगदी मनापासून म्हणायचंय! पण जाग आली तेव्हा दोरी माझ्या अंगठ्याला होती, ह्यांनीच मारलेल्या गाठीने. ती सोडून उठले असते, तर पुन्हा बांधली कोणी? आणि ती गोधडी आमच्या दिवाणाच्या आत असायची. फळी उचलल्याशिवाय ती निघत नाही, आणि त्या फळीवर अडीच तास मी झोपलेली होते.

लॅच तसंच होतं. दुसरी किल्ली खिळ्याला होती. हे पावणेपाचला स्प्रिंगा घेऊन आले. भिंतीतल्या भोकात बोट घालून भुगा उकरून पाहिला. मग म्हणाले, "तूच उचललीस. दुसरं कोण?" त्यानंतर हा विषय त्यांनी जन्मात काढला नाही. पाइप दुसऱ्याच दिवशी उतरवला.

आयांना सांगायचं की नाही? पोरांना काही झालेलं नव्हतं, ब्रॅकेट निखळला एवढं सांगून भागलं असतं. पण मी झोपले होते, हे गिळून मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघता आलं नसतं. तिघींनाही सगळं सांगितलं. दोघींनी मुली काढून घेतल्या. बरोबरच केलं, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पल्लवी त्या संध्याकाळी साडेसातला आली. अमरावतीची पोरगी, चेहरा उतरलेला, गळ्यात कंपनीचं कार्ड. माझं ऐकताना तिने ओजसला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. रागावली नाही. रागवायलाही अंगात काही उरावं लागतं.

"काकू, उद्या मी ह्याले कोनाजवळ ठेवू?" एवढंच म्हणाली.

मी ओजसचं दुपटं झटकून तिच्या खांद्यावर टाकलं.

दारात चपला घालता घालता थांबली. "जे कोन होतं ना काकू... ते उद्या पन असन का?"

चेष्टा करत नव्हती. खरंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती ओजसला घेऊन हजर झाली.

पुढे मी नऊ वर्षं पाळणाघर चालवलं. पोरं जमिनीवर निजवायची, आणि दुपारी मी एकदाही आडवी झाले नाही. तसं काही पुन्हा घडलं नाही. त्या दुपारचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, कोणाकडे असेल तर जरूर कळवा.

जे कोणी होतं त्याची भीती म्हणाल, तर तेव्हाही वाटली नाही. एकच गोष्ट मनातून जात नाही. पोरं ज्याने कोणी उचलली, त्याने मला हाक मारली नाही. माझ्या अंगाखालची फळी उचलून गोधडी काढली, पण मला झोपू दिलं. तोवरच्या सगळ्या वर्षांत मला असं कोणीही झोपू दिलं नव्हतं. हात जोडावेत असं फार वाटतं हो... पण कोणाला जोडू?