खिडकीतले दोन स्पीकर

सुमात्रा बेटावरच्या बंकुलूतल्या आमच्या कोळीवस्तीत शुक्रीला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय, पण कुणालाही ‘जमणार नाही’ म्हणून परत पाठवलेलं नाही. त्या रमजानात मशिदीचा ॲम्प्लिफायर जळाला, तोही यानं ‘उद्या देतो’ म्हणत घरी आणला. सुटा भाग काही मिळेना. चार दिवस मशीद मुकी, आणि बांग देणाऱ्याचा नुसता गळा आमच्या गल्लीपर्यंत पोचत नाही.

बाकीच्यांना घड्याळं आहेत. शेजारच्या नेक रोगायाला, म्हणजे रोगाया आजीला, डोळेच नाहीत. अठ्ठ्याहत्तर वय, डॉक्टरांनी मना केलेलं, तरी म्हातारीचे रोजे चालू. डोळे गेल्यापासून एकही चुकवला नाही, हे ती दिवसातून दोनदा ऐकवायची.

“शुक्री, मेल्या, मशीद कधी बोलणार?” तिनं ओट्यावरून हाक मारली. “लेक बाजारातून उशिरा येते. रोजा सोडायची वेळ मला सांगणार कोण?”

“आज ऐकू येईल, नेक. शब्द माझा.”

टीव्हीवर रोज सूर्यास्ताला बांग लागायची. त्यानं टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, लाल-पांढऱ्या पिनांनी जुन्या स्टीरिओला जोडली आणि दोन्ही स्पीकर तिच्या बाजूच्या खिडकीत ठेवले. आधी नुसती घरघर. पीन जरा दाबली, तसा असा खणखणीत आवाज आला की बायको ओरडली, “भिंत पाडतोस का आता?”

बांग सुरू झाली तेव्हा तो बाहेर, खिडकीखाली वायर बांधत होता. स्वारी स्वतःवरच खूश. आत आला तर बायको, लिस्मा, पडद्याकडे बोट दाखवत उभी. खाली लिहिलं होतं : ‘जकार्ता व परिसरासाठी’. डिशवरचं चॅनेल ते. आमच्याकडे सूर्य जकार्तापेक्षा अठरा मिनिटं उशिरा बुडतो, हे वस्तीतल्या कुणालाही झोपेत विचारा. पण याचा सगळा जीव वायरीत. आवाज खिडकीतून गेला, अक्षरं पडद्यावरच राहिली.

“गप्प बस,” लिस्मा म्हणाली. “म्हातारी हाय खाईल. अल्लाला कळतं सगळं.”

शुक्रीला क्षणभर ते पटलं, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. तो धावत गेला. रोगायाजवळ पाण्याचा पेला रिकामा पडलेला, एक खजूर तोंडात, दुसरा हातात.

“नेक, थांब! वेळ व्हायचीय अजून. ती जकार्ताची बांग होती. माझं चुकलं.”

तिनं तोंडातला खजूर तळहातावर काढला.

“पाणी गिळलं रे मी.”

ओरडली असती तर बरं झालं असतं.

“आता हा ईदनंतर भरून काढायचा,” ती म्हणाली. “तेवढा दम उरला तर. किती वेळ आहे अजून?”

“चौदा मिनिटं.”

रोजा गेलेलाच होता, तरी ती दुसरा खजूर मुठीत धरून बसून राहिली. शुक्री समोर, मनगटावरच्या घड्याळावर नजर लावून. त्याला रडू येत होतं.

“झाली वेळ, नेक. खा.”

तिचा हात ओठांपर्यंत गेला आणि थांबला.

“खरंच?” तिनं विचारलं.

हा प्रश्न तिनं त्याला आजवर कधी विचारला नव्हता. पलीकडच्या घरातून ताटल्यांचा आवाज येईपर्यंत तिनं तो खजूर तोंडात घातला नाही.