पाठ करून जेवणारा

लढाई संपून फौजी गावोगाव परतत होते, तेव्हा सांगलीत माझी खानावळ होती. कृष्णेतून आणलेलं एक कासव मी तिथं घंगाळात पाळलं होतं. त्यानं खाणं सोडलं, तसा माझा जीव थाऱ्यावर राहिना. गिऱ्हाइकं भोवती जमायची, मासळीचे तुकडे दाखवून म्हणायची, "खा की रं गड्या, एकादशी हाय व्हय तुझी?" ते मान आणखीच आत ओढायचं.

दुपारी एक फौजी यायचा. तोंडावर खाकी मफलर. पाट भिंतीकडं वळवून, आमच्याकडं पाठ करून जेवायचा. एकदा हात धुताना म्हणाला, "आवं मालक, समदी अशी टक लावून बसल्यावर त्यानं खायाचं कसं? जरा पाठ फिरवा की."

मी सगळ्यांना हुसकलं, घंगाळावर गोणपाट टाकलं. संध्याकाळपर्यंत मासळी संपली होती. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, तर मफलराआडून हसला. "लय ब्येस झालं!" म्हणाला आणि जेवायला बसला.

मीठ वाढायला म्हणून मी भिंतीच्या बाजूनं गेलो. मफलर खाली होता. अर्धा जबडा गोळीनं नेला होता. मी बघतच राहिलो. त्यानं हातातला घास ताटात ठेवला, मफलर वर ओढला आणि उठला. पुन्हा कधी आला नाही.

कासव पुढं पुष्कळ जगलं. त्याला खाणं टाकलं, की मी न चुकता पाठ फिरवायचो.

कुणाला बोललो नव्हतो, आज सांगतो. त्या दुपारी मीठ त्यानं मागितलंच नव्हतं.