दोन भाकरी, वरण आणि ताक

"आजोबा, हाड नीट बसलंय. पण टाके भरून येत नाहीयेत, त्याचं कारण वेगळं आहे. आजींना मॅलन्यूट्रिशन आहे."

खुब्याच्या ऑपरेशननंतरचा तो सहावा दिवस. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण. अंगाला अन्न कमी पडलं की जखम भरत नाही आणि साधा खोकलासुद्धा झेपत नाही. आधी अन्न अंगी लागायला हवं, नाहीतर जिवाला धोका आहे.

कुपोषण हा शब्द मी अंगणवाडीच्या भिंतीवर वाचलेला. तो माझ्या सत्तरीच्या बायकोला, कौसाला लागेल असं कधी मनात आलं नव्हतं. खरं सांगतो, मला रागच आला. "आमच्या घरी खायला काय कमी नाय, साहेब," असं मी जरा ठसक्यातच सुनावलं.

लासूर स्टेशनच्या मार्केटला मी पस्तीस वर्षं मापाडी होतो. पोतं काट्यावर चढायच्या आधी किती भरेल ते सांगायचो आणि सहसा चुकायचो नाही. कौसा अंगणात पडली तेव्हा तिला उचलून गाडीत मीच ठेवलं होतं. ती किती हलकी झालीय हे हातांना त्याच वेळी कळलं. म्हातारं शरीर आहे, असं मनाशी म्हणालो आणि गाडी संभाजीनगरकडे घ्यायला सांगितली.

दुपारी सबा मॅडम आल्या. त्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी कौसाच्या दंडाला आणि पोटरीला टेप लावला, आकडे लिहिले. याला न्यूट्रिशन असेसमेंट म्हणतात, म्हणजे पेशंटच्या अंगात किती ताकद शिल्लक आहे आणि तो खातो किती, याची तपासणी. मग कागद पुढं घेऊन त्यांनी विचारलं, "आजी दिवसभरात काय काय खातात?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "सकाळी दोन भाकरी, संध्याकाळी दोन. वरण, भाजी. दुपारी ताक. आठवड्यातून एकदा अंडी."

"बरोबर ना, आजी?"

"व्हय. ते सांगायलेत तसंच," कौसा म्हणाली.

कागदावर तसंच लिहिलं गेलं. त्यावरून डॉक्टरांना वाटलं, एवढं खाऊन बाई वाळते म्हणजे आत दुसरं काही दुखणं असणार. मग टीबीची तपासणी झाली, पोटाची सोनोग्राफी झाली. कॅन्सर आहे का, हेही बघितलं. काही तपासण्यांसाठी तिला उपाशी ठेवावं लागे. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रिपोर्टची वाट बघायचो आणि दवाखान्याच्या नावानं बोटं मोडायचो. असे तीन दिवस गेले. रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही.

चौथ्या दिवशी मी बाहेरून जेवून आलो आणि पाण्यासाठी पिशवीत हात घातला. तिथं माझ्या डब्यात उकडलेलं अंडं होतं, तिच्या ताटातलं, तिनं माझ्यासाठी काढून ठेवलेलं. मागे सबा मॅडम उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "आजोबा, तुम्ही त्यांना जेवताना शेवटचं कधी पाहिलंत?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी आठवू लागलो. घरी मी जेवून ओट्यावर जाऊन बसायचो, मग ती चुलीपाशी बसायची. लग्नाकार्यात बायकांची पंगत वेगळी. मुलगा सुभाष वाळूजला कंपनीत लागल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी रीत तीच राहिली. मला एकही जेवण आठवेना. दोन भाकरी, वरण आणि ताक हे माझं जेवण होतं.

"मला ठाऊक नाय," मी म्हणालो. मॅडमनी जुना कागद बाजूला ठेवून नवा घेतला.

मी कौसाजवळ बसलो. "खरं सांग, काय खायचीस?"

"कवळी लई बोचती. चहात बुडवून अर्धी भाकर. कधी तीबी नाय." मग म्हणाली, "दोन वरसं झाली."

"मग सांगायचं ना."

"तुमी इचारलं कवा?"

ती भांडत नव्हती, चेहऱ्यावर राग नव्हता. माझीच मान खाली गेली.

त्या दिवसापासून मी तिला भरवू लागलो. एकदम जास्त द्यायचं नाही, उपाशी शरीराला ते सोसत नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मऊ भात, डाळीचं पाणी, दही. आधी मी जेवल्याशिवाय ती तोंड उघडेना, म्हणून एका ताटात दोघं जेवायला लागलो. ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. "लोकं बघायलेत," म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासमोर जेवत होती बिचारी. मॅडमनी दिलेल्या वहीत मी लिहायचो, भात चार चमचे, दही दोन.

भरवायला लागल्याच्या दहाव्या दिवशी तिनं येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची, आमटी मागितली. सून मंगल पातळ करून घेऊन आली. कौसानं सात चमचे खाल्ले आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." आयुष्यभर मीच मीठ कमी, मीठ जास्त करत आलो. तिच्या जिभेला काय लागतं हे मला तेव्हा कळलं. मी वहीत तेही लिहिलं. टाक्यांचा ओलावा कमी झाला होता. मला वाटलं, जिंकलो.

मग निमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसाला संसर्ग होऊन कफ धरला. बाराव्या दिवशी सकाळी ती दोन चमचे दही खाऊन निजली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, "आम्ही औषधं दिली, पण शरीरात झुंजायला काही उरलं नव्हतं." कोणाला दोष देऊ? त्या लोकांनी खूप केलं. सबा मॅडम तर माझ्याबरोबर रडल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचं माणूस दवाखान्यात असेल तेव्हा तुम्हालाही, ते दिवसभरात काय खातं, हा प्रश्न विचारतील. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आमचे तीन दिवस मी खोट्या उत्तरात घालवले. आणि दवाखान्याची वेळ येण्याआधीच कधी तरी चुलीपाशी बसून बघा.

वही माझ्याजवळच आहे. कौसा काय खाते, याचं खरं उत्तर तिच्यात आहे, बारा दिवसांचं. संसार एक्कावन्न वर्षांचा होता.