भिंतीवर लावलेली टिकली

काल सुलभाच्या हिवाळी कोटाच्या खिशात टिकल्यांचं पाकीट सापडलं, आणि मला जर्सी सिटीतली ती चित्रांची गॅलरी आठवली. गॅलरी कसली, आमच्या बाथरूमएवढी खोली! किमती मात्र अशा, की माझ्या टकलावर केस उगवले आणि लगेच पिकलेही.

चित्र विकलं गेलं की शेजारी लाल ठिपका लावतात, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. सुलभा एका निळ्या तळ्यापुढून हलेना.

"अगं, एवढ्या पैशांत खरं तळं येईल!" मी म्हटलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं, कपाळावरची लाल टिकली काढली आणि चित्राशेजारी चिकटवली.

"आता नाही कोणी नेत. अहो, बघताय काय? पळा!"

आम्ही असे पळालो, की ट्रेनसुद्धा मागे पडली. स्टेशनवर हसत हसत तिनं याच पाकिटातली दुसरी टिकली लावली. पुढे मित्रांना सांगताना मी त्या चित्रापुढून दोन अब्जाधीश रडवून परत पाठवले.

सुलभा गेल्यापासून हा किस्सा फुगवता येत नाही. लाल ठिपका असला की कोणी नेत नाही म्हणे. तिच्या कपाळावर तर तो शेवटच्या दिवशीही होता.