पाचवी मात्रा

परवा शनिवारी स्टुटगार्टला लेकीच्या शाळेच्या सोमरफेस्टमध्ये, म्हणजे उन्हाळी मेळाव्यात, एक फार सुंदर गोष्ट घडली.

आमची मैत्रेयी शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवते. यंदा त्यांनी एका अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्याच अल्बममधलं, सिंगल म्हणून गाजलेलं गाणं निवडलं होतं. पालकांसमोरच्या तालमीत मात्र आमच्या टाळ्यांनीच ती गोंधळली आणि गाणं मधेच थांबलं. पुन्हा असं झालं तर बँड सोडेन, असं तिने घरी जाहीर केलं...

कारण साधं आहे. एक ते चार मात्रा मोजा. आपण सहज टाळी देतो ती पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. जर्मन पालकांचंही तेच. रॉकमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, म्हणून टाळीही तिथेच हवी.

मग मी आठवडाभर घरात प्रबोधन केलं. नांदेडहून आलेल्या माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणतो, विहारात बायकांच्या पुढे गाणी म्हणतात. त्यांची टाळी खणखणीत. त्यांना नाश्त्याच्या वेळी चमचा वाजवून सगळं दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जावईबापू, समेवर टाळी द्यायची नाही, तर मग सम असते कशाला?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण लांबलचक होतं... तेवढ्यात मैत्रेयी म्हणाली, "पापा, लास मिश माखेन." मला करू दे, एवढंच.

शनिवारी गाणं सुरू झालं आणि आईंची पहिली टाळी पडली, थेट समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. त्यांच्यामागे गाणं ऐकायला आलेली आमची इथली मराठी मंडळी, मग सगळं अंगण. मी एकटाच दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळ्या देत होतो. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले.

मैत्रेयीने एकदा मान वर करून लोकांकडे पाहिलं. 

कडवं संपलं, आणि ध्रुवपदाच्या आधी तिने चारऐवजी पाच मात्रा वाजवल्या. फक्त एकदाच. बँडमध्ये हे आधीच ठरलेलं असावं, कारण कोणीच चुकलं नाही. लोक आपल्याच ठेक्यात टाळ्या देत राहिले, आणि एक मात्रा वाढल्यामुळे त्यांच्या नकळत प्रत्येक टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडू लागली. गाणं शेवटपर्यंत दणक्यात गेलं.

परतताना एस-बान लोकलमध्ये आई समाधानाने म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तशीच दिली हो टाळी."

मैत्रेयी खिडकीबाहेर पाहत हसत होती. कुणालाही चूक न ठरवता सगळं अंगण तालात आणणाऱ्या माझ्या लेकीचे मनापासून आभार... आईंना मी काहीच समजावून सांगितलं नाही.