मोंबाशापासून विंझरपर्यंत एकच हाक

लढाईच्या चाकरीत गेनबानं मुलूख पाहिले. मोंबाशातली पोरं बापाला ‘बाबा’ म्हणायची, बसऱ्यातली अरबांची पोरंही ‘बाबा’च म्हणायची. भाषा एकही कळली नाही, पण त्या हाकेसरशी त्याचा जीव विंझरला धावायचा. तिथं त्याच्या माघारी जन्मलेली लेक होती.

शेहेचाळीस साली तो परतला. लेकीची चुलतभावंडं ‘काका आलं!’ म्हणून ओरडली, तशी लेकही ओरडली आणि गेनबाच्या थोरल्या भावाला ‘बाबा, बाबा’ म्हणत बिलगली.

वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलायचं नसतं. कुणा शहाण्यानं घातली ही रीत, देव जाणे! गेनबानं खाऊची पुडी भावाच्या हाती दिली.

“समद्यास्नी वाटा, दादा.”

पोर मिठाई चघळत नाचली, “माझ्या बाबांनी आणली!”