तोंडवलीचं हिरवं अळू

कोल्हापूरहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत तणनाशकांविरुद्धची पत्रकं होती. त्यातलं एक ठळक वाक्य मीच लिहिलेलं: विष ओळखायचं असेल तर पिवळी पडलेली पानं बघा. लिहिताना मला ते फार जोरदार वाटलं होतं. निघाले होते मात्र चतुर्थीला, मालवण तालुक्यातल्या तोंडवलीला, नीलमच्या घरी. नीलम माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन तिकडे गेली, आता सातवा महिना लागला होता.

घाट उतरून गाडी फोंडाघाटच्या बाजारात थांबली. मखरं, अगरबत्त्या, रंगीत कागद, नुसती झुंबड. पण तेवढीच गर्दी शेजारच्या शेती-औषधांच्या दुकानात बघून मी चक्रावले. भाताची लावणी कधीच उरकली होती. तणनाशकाची बाटली घेऊन एक काका गाडीत चढले नि माझ्याच शेजारी बसले. मी सरळ विचारलं, "काका, आता कशाला हे?"

"गणपती येतले मगे! वाट साफ करूक नको?"

"कोयत्याने काढत नाही गवत?"

"काढूक माणसां खंय आसत? चाकरमानी येतले, ते फोटो काढतले, गवत नाय."

मागच्या बाकावरचे हसले. मी चिडून त्यांच्या हातात पत्रक ठेवलं. काकांनी ते नीट घडी करून बाटलीच्या बुचाला गुंडाळलं. गळत होती ती.

कणकवली सोडून आचऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि भातशेतं सुरू झाली. पुढे खाडी, माडांची रांग, सुरूच्या बनामागून समुद्राचा आवाज. नीलम थांब्यावर उभी होती, चेहऱ्यावर मस्त तेज. तिच्या घरी जायला डांबरी रस्ता सोडून बांधालगतची पाऊलवाट आहे. त्या वाटेच्या दोन्ही कडांना गवताचा करपलेला, तांबूस पट्टा पडला होता, आणि त्याला लागूनच बांधाच्या उतारावर हिरवंगार रान. इतकं हिरवं की डोळ्यांना खुपावं.

"कशी केलंय वाट?" नीलमचा नवरा प्रसाद अंगणातून ओरडला. "देवाचो पाय घसरूचो नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना मी काकी म्हणते त्या नीलमच्या सासूबाई मला माटवीचं सामान आणायला घेऊन गेल्या. (माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली फुलं, फळं, वेली बांधतात.) कवंडाळाची लाल फळं मिळाली. तेरडा मात्र काकी हातात घेऊन बघतच राहिल्या. देठ पिळल्यासारखे, पानं आत वळलेली, फुलं नाहीत.

"ह्यो असो कित्या गो मुरगाळलो?"

मी एक वळलेलं पान उलगडून पाहिलं. काही तणनाशकं झाडाच्या वाढीच्या रसाचं सोंग घेतात. भरपूर पडली तर झाड मरतं. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर जराशी पोचली तर मरत नाही, भरकटतं. कुठे वळावं, कधी फुलावं ते विसरतं. आणि एखाद्या झाडाला तो थेंबभर डोस चक्क मानवतो. ते फोफावतं.

"ता सोड, ह्या बघ!" काकींनी उताराकडे बोट दाखवलं. "अळू कसा इलाहा!"

अळूची पानं सुपाएवढी झाली होती. माझ्या पत्रकाच्या हिशेबाने निरोगी. त्या पानांत काय होतं, काही होतं की नव्हतं, हे मला बघून कळणार नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं.

गणपती आला. प्रसादच्या डोक्यावरून, त्याच करपलेल्या वाटेने, अनवाणी माणसांच्या गजरात. कुणाचाही पाय घसरला नाही.

ऋषिपंचमीला काकींचा उपास. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून ऋषीची भाजी करतात, आपोआप उगवलेल्या पाल्याची. बांधावर नांगर फिरत नाही, म्हणून बांधावरचं अळू सगळ्यात शुद्ध. काकी कोयती घेऊन निघालेल्या दिसल्या तशी मी प्रसादला गाठलं.

"भावजी, बांधावरही मारलंत का औषध?"

"बांधार नाय गो, वाटेर. तांय थोडासाच. पावसान धुवून गेला असतला."

"धुवून कुठे गेलं?"

त्याने उताराकडे पाहिलं. उतारावर अळू, अळूखाली विहीर. 

भाजी रटरटत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सांगून टाकलं. नीलमला वाढू नका.

"अगं, तू आलीस की जेवणाची चवच जाते," नीलम हसली. काकी हसल्या नाहीत.

"म्हणजे माझ्या सुनेक मी विख घालतंय?"

"तसं नाही म्हणत, काकी."

"मगे कसा म्हणतंस? विख आसा काय नाय, ता सांग!"

"मला माहीत नाही."

सभेत हे तीन शब्द मी कधी उच्चारलेले नाहीत. काकींनी नीलमचं ताट ओढून घेतलं, तिच्यापुढे पेज ठेवली.

"आये, ओतून टाक ती भाजी," प्रसाद दारातून म्हणाला.

"खंय ओतू? गायीक घालू? परड्यात टाकू? थंय परत अळूच येतला! माका उपास मोडूचो नाय. मी खातंय." त्या बसल्या आणि खाऊ लागल्या.

प्रसाद त्यांच्या शेजारी येऊन बसला. "माका पण वाढ. मारलंय मी, तर खातंय मी."

मी नीलमबरोबर पेज खाल्ली. भाजीचा वास घरभर सुटला होता, आंबट-तिखट, तोंडाला पाणी सुटेल असा. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

परतताना नीलम थांब्यापर्यंत आली.  गाडी दिसली तेव्हा पोटावर हात ठेवून म्हणाली, "नागपंचमीच्या आधीपण ह्यांनी एकदा वाट मारली होती. श्रावणभर मी तेच अळू खाल्लंय. पाणी त्याच विहिरीचं. त्याचं काय गं?"

मी गाडीत चढले. गाडीची घाई होती, असं मी स्वतःला सांगते.  मरणाचा डोस बाटलीवर छापलेला असतो. पोटातल्या पोराला थोडं म्हणजे किती, हे कुठे छापलेलं नाही. कदाचित काहीच होणार नाही. 'कदाचित' या शब्दावर आपण अख्खं कोकण शिंपून काढतोय, आणि ते अजून हिरवं दिसतं म्हणून निर्धास्त आहोत.

काकींनी नीलमसाठी पाणी लांबच्या विहिरीवरून आणायला सुरुवात केली आहे, असं कळलं. तिचे दिवस भरत आलेत. फोनवर तिचं नाव दिसलं की मी लगेच उचलत नाही. आधी श्वास घेते.